चष्मा लावलेली मुऱ्हाळी

ये, अशी जवळ ये. दारात उभी राहून त्या मोबाइलमध्ये काय बघतेस? हो, माहीत आहे मला, तू पुण्यात आहेस आणि मी धुळ्यात. पण लिहायला बसले की मी तुला समोर बसवून घेते, त्याशिवाय मला लिहिता येत नाही. तेव्हा गुपचूप बस. आधी रागावून घेते, मग सांगते.

आखाजीच्या, तुमच्या पुण्याच्या भाषेत अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी सकाळी तुझा तो फोटो आला. झोका, आंबे, पाण्याची घागर, वर सोनेरी अक्षरांत शुभेच्छा आणि खाली जोडलेले हात. तोच फोटो अर्ध्या तासाने आमच्या गॅसवाल्यानेही पाठवला. आता मी तुझ्यात आणि गॅसवाल्यात फरक कसा करायचा, ते तू सांग. अगं, खानदेशातली मुलगी ना तू? आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात. झोक्यावर बसतात, रस-पोळी खातात, दुपारी ओसरीवर आडव्या पडून सासरची खबरबात देतात. फोटो कसला पाठवतेस?

आणि तुला मनातून वाटत असणार, मावशीआजी जुन्या वळणाची, तिला यातलं काय कळतंय. बाई, तुझा जन्म व्हायच्या आधी मी गावोगाव हिंडून लोकांना संगणकावरून निरोप कसा पाठवायचा ते शिकवत होते. माइकवरून. हसू नकोस, खरं सांगते. तुझी आई पहिल्या आखाजीला माहेरी आली ती त्याच भानगडीतून. तिने तुला सांगितलं नसेल. तिला अजून लाज वाटते त्याची.

त्या वेळी आमच्या वाचनालयात एक नाना होते. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. घरी बसवेना म्हणून त्यांनी जळगावच्या दोन-चार ओळखीच्या लोकांना गाठून एक खूळ काढलं. धुळं, पारोळा, जळगाव आणि पार एदलाबादकडचं एक केळीवाल्यांचं गाव, अशा चार ठिकाणच्या वाचनालयांत एकेक संगणक ठेवला आणि ते टेलिफोनच्या तारेने जोडले. एदलाबादला तेव्हा मुक्ताईनगर म्हणायला लागले होते, पण माझ्या तोंडात जुनंच बसलंय. तर एका गावातल्या माणसाने निरोप लिहायचा, संध्याकाळी टेलिफोन लागला की तो दुसऱ्या गावी जायचा. केळीचा भाव, रक्त हवंय, कुणाचा निकाल लागला, काहीही. पैसा नाही, पावती नाही. गावाने गावासाठी केलेलं काम. नानांनी त्याला नाव दिलं, गावजाळं.

जाळं विणून झालं, पण त्यात मासा येईना. लोक वाचनालयात यायचे, पेपर वाचायचे, संगणकाकडे पाहुण्याकडे बघावं तसं लांबून बघायचे आणि जायचे. म्हणून नानांनी भाषणं करायला माणसं गोळा केली. फुकट बोलणारी. त्यात मी. मी सातवी शिकलेली, टाइपिंग आपलं आपण पाहून पाहून उचललेलं. मला का घेतलं म्हणून विचारलं तर नाना म्हणाले, "अक्का, तुम्ही तसंही दिवसभर बोलताच. ते जरा कामी येऊ द्या."

नानांचं स्वतःचं भाषण म्हणजे काय सांगू तुला. ते मणी ओवलेल्या पाटीपासून सुरुवात करायचे. माणूस मोजायला कसा शिकला, मग यंत्र कसं आलं, मग वीज. संगणकापर्यंत यायच्या आत पुढच्या रांगेतले म्हातारे घोरायला लागलेले असायचे. नानांना त्याचं काही नव्हतं. जन्मभर शाळेत दुपारचे तास घेतलेला माणूस तो.

मी मात्र एस.टी.पासून सुरुवात करायची. म्हणायची, तुमची पोरं धुळ्याला, जळगावला खोली करून शिकतात ना? सकाळच्या एस.टी.त आई डबा ठेवते. डब्यावर नाव असतं. गाडी स्टँडवर लागली की पोरगा येतो, पंचवीस डब्यांतून आपला ओळखून उचलतो. तसंच हे. निरोप म्हणजे डबा, टेलिफोनची तार म्हणजे सडक. एवढं म्हटलं की माणसं माना हलवायची. मग कुणीतरी हमखास उठायचं, "अक्का, मधे कंडक्टरनं डबा उघडीसन खादा तर?" आणि नाना, जे मागे बसून माझ्या चुका टिपत असायचे, ते ताडकन उभे राहून परवलीच्या शब्दावर बोलायला लागायचे. पुन्हा घोरणं सुरू.

त्या वर्षी माघात तुझ्या आईचं लग्न झालं. आई म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची एकुलती मुलगी. बहिणीचा नवरा लवकर गेला, मुलगा नाही. मुलगी दिली ती थेट एदलाबादकडे, त्या केळीवाल्यांच्या गावात. योगायोग बघ, आमच्या जाळ्यातलं चौथं गाव तेच. आणि लग्नातच तुझ्या आजीने, म्हणजे तुझ्या आईच्या सासूने, मांडवात सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "आमच्याकडे मुऱ्हाळी आल्याबिगर सून घराबाहेर पाय टाकत नाही."

मुऱ्हाळी म्हणजे लेकीला न्यायला माहेराहून येणारा माणूस. भाऊ असतो, चुलता असतो, कुणी पुरुष माणूस. पहिल्या आखाजीला तर तो गेलाच पाहिजे. तुझ्या आईचा एक चुलतभाऊ होता, तो जाणार असं ठरलेलं. तो फौजेत. त्याची रजा नामंजूर झाली. आखाजी तोंडावर आली आणि माझी बहीण माझ्याकडे येऊन ओसरीवर बसली. रडली नाही. नुसती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. ते रडण्यापेक्षा वाईट. म्हणाली, "पहिली आखाजी शे. पोर वाट दखी ऱ्हायनी व्हई. झोका बांधेल शे मी."

मी काय म्हणावं? मी म्हटलं, "काळजी नको करू. आपलं जाळं आहे ना!"

गेले वाचनालयात आणि दिला निरोप ठोकून. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहावं लागायचं तेव्हा, त्यामुळे प्रत्येक निरोप जरा रागावल्यासारखा दिसायचा. 'मुलीस आखाजीसाठी पाठवून द्यावे, मुऱ्हाळी येऊ शकत नाही, हाच निरोप मुऱ्हाळी समजावा.' काय पण माझा दिमाख! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उत्तर आलं. तिथल्या ग्रंथपाल भाऊंनी आजीला घरी जाऊन निरोप वाचून दाखवला होता आणि तिने सांगितलेलं जसंच्या तसं लिहून पाठवलं होतं. 'निरोप पोचला. मुऱ्हाळी केव्हा येतो?'

नाना हे वाचून इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मी म्हटलं, "हसता काय? त्या गावात आपलं भाषण कधी आहे?"

"आखाजीच्या आधी आहे. पण तो भाग जळगावच्या वक्त्यांचा."

"मी जाते."

"अक्का, भाषणात घरचं काही आणायचं नाही. कबूल?"

मी कबूल म्हटलं. नानांचा माझ्यावर विश्वास किती होता ते बघ, ते स्वतः माझ्याबरोबर निघाले.

वैशाखातली एस.टी. म्हणजे तापलेला तवाच. पारोळा आलं तोवर नानांची पाण्याची बाटली संपली, जळगावला माझा आवाज बसला, भुसावळला आम्ही दोघं एकमेकांशी बोलेनासे झालो. मग दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागल्या आणि जरा जिवात जीव आला. गावात उतरलो तर ग्रंथपाल भाऊ छत्री घेऊन उभे. म्हणाले, "बायाबी आल्यात. भाषनाले बाया पयल्यांदाच आल्या."

मला तिथेच समजायला हवं होतं.

वाचनालयाच्या पडवीत पुरुष, अंगणात लिंबाच्या सावलीत बाया. आणि बायांच्या पुढे, जवळजवळ माझ्या पायाशी, तुझी आजी. ठेंगणीठुसकी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, मांडीवर दोन्ही हात ठेवून अशी बसलेली की कोर्टात न्यायाधीश बसावा. तिच्या मागे खांबाला टेकून तुझी आई. मी पाणी प्यायच्या निमित्ताने तिच्याजवळ गेले आणि हळूच विचारलं, "पिशवी भरलीस का?"

"मावशी," ती कुजबुजली, "लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून भरलेलीच आहे."

आणि तुझे वडील? ते भाषण सुरू व्हायच्या आत बागेत पाणी धरायला पळाले. नवा जावई आणि इतकी बोलकी मावससासू, कशाला थांबेल.

नानांनी मण्यांची पाटी केली. मी एस.टी.चा डबा केला. मग प्रयोग. एरवी निरोप संध्याकाळी जायचे, पण भाषणाच्या दिवशी थेट धुळ्याला टेलिफोन लावायचा, इकडून विचारायचं, तिकडून टाइपिंगच्या क्लासची एक मुलगी लगेच उत्तर द्यायची. त्या दिवशी त्या मुलीच्या शेजारी माझी बहीण सकाळपासून ठाण मांडून बसली होती, हे मी नानांना सांगितलं नव्हतं. टेलिफोनला जोडलेली डबी कुईकुई करायला लागली, मग खर्र खर्र. अंगणातून एक म्हातारी म्हणाली, "धुये तं भांडून राह्यलं व माय!"

एका केळीवाल्याने भाव विचारला. उत्तर आलं, धुळ्यात केळी कोण पिकवतं, जळगावला विचारा. सगळे हसले. नाना म्हणाले, "आणखी कुणाला काही विचारायचं आहे?"

तुझी आजी उभी राहिली. मी मनात म्हटलं, आलं.

"धुयाले इच्यारा," ती म्हणाली, "मुऱ्हाळी निंघाला का?"

अंगण असं हसलं की लिंबावरचे कावळे उडाले. नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात वर केले, मी काही नाही आणलं, तेच आणताहेत. ग्रंथपाल भाऊंनी इमानदारीत प्रश्न टाइप केला, बटण दाबलं, निरोप गेला. आणि लाइट गेली.

आता आमच्या भाषणांत लाइट गेली की माणसं धोतर झटकून उठायची, ठरलेलंच. त्या दिवशी एकही माणूस हलला नाही. सगळे तसेच बसून, पंखे नाहीत, घामाच्या धारा, आणि नजर त्या काळ्या पडद्यावर. नाना माझ्या कानाशी म्हणाले, "अक्का, आज पहिल्यांदा लोकांना निरोपाची उत्सुकता वाटतेय." एवढ्या तापातही त्यांचं लक्ष जाळ्यावर. धन्य तो माणूस.

मी आजीसमोर खाली बसले. म्हटलं, "ताई, निरोप तर रीतसर आला होता. त्याच्यावर पाठवलंत असतं पोरीला, तर काय बिघडलं असतं?"

ती म्हणाली, "हे खोकं जेवते का?"

"नाही."

"मी त्याले पाय धुवाले पानी देलं तर?"

नाना मागून घाईने म्हणाले, "पाणी नका देऊ!"

"मंग? मुऱ्हाळी काय नुसता सांगावा घेऊन येते का? तो येते, पाय धुते, जेवते, रातभर राह्यते. मंग मी त्याले बोलते. लग्नात माह्या भावाले थंडी बुंदी वाढली, त्ये बोलते. सुनेले काय येत नाही, त्ये बोलते. तो मान खाली घालून आयकते. मंग माहं मन हलकं होते, मंग मी सून पाठवते. या खोक्याले मी बोलन, ते आयकून बी घेईन. पन मान खाली घालीन का?"

बायांमधून "खरं हाय, खरं हाय" असं उठलं.   नानांनी तर तिचं हे बोलणं पुढे प्रत्येक भाषणात रंगवून सांगितलं.

मग मी म्हटलं, "बुंदीचं मला बोला ना. मुलीची मावशी आहे मी. मी घालते मान खाली."

"बाईमानूस मुऱ्हाळी? कुठं पाह्यलं?"

"कुठंच नाही पाहिलं," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

 आजी पदराने वारा घेत राहिली. मागे तुझी आई खांबाला अशी चिकटलेली की खांब तिला धरून उभा आहे की ती खांबाला, कळू नये. मग आजी एकदम बारीक आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "माह्या दोन्ही लेकी लांब देल्या. त्याहिले आनाले आता कोनी जात नाही. घरात बापलेक दिवसभर बागेत. ही आली तशी मी बोलाले लागली. ही बी गेली तं भितीशी बोलू का?"

तेव्हा मला कळलं बुंदी किती थंड होती ते.

तेवढ्यात पंखे फिरले. ग्रंथपाल भाऊंनी पुन्हा टेलिफोन लावला, पुन्हा कुईकुई, पुन्हा भांडण, आणि पडद्यावर अक्षरं आली. माझ्या बहिणीने धुळ्यातून आपल्या बोलीत सांगितलेलं, त्या मुलीने तसंच लिहिलेलं. भाऊ मोठ्याने एकेक शब्द वाचायला लागले.

'मुऱ्हाळी निंघनी शे. तुमना म्होरे चष्मा लाईसन उभी शे. तिले जेवाले वाढा, भुकी व्हई.'

मला चष्मा होता. नानांनाही होता. सगळं अंगण आधी नानांकडे बघायला लागलं, मग माझ्याकडे. आजीने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. बाजारात बैल बघतात ना, तसं. मग मागे न वळता हाक मारली, "सूनबाई, पानी आन. मुऱ्हाळीचे पाय धुवाचे हायेत."

तुझी आई धावली ती अशी धावली की तांब्यातलं अर्धं पाणी वाटेतच सांडलं.

त्या संध्याकाळी वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी. बट्टीवर तूप इतकं की नाना ताटाला हात लावायला घाबरत होते. मुऱ्हाळी मी आणि आग्रह मात्र त्यांना, कारण पुरुष माणूस. जेवण झालं, नाना ओट्यावर झोपले आणि आजी माझ्यासमोर बसली. मग बाई जे काही बोलली! बुंदी झाली, मानाची साडी झाली, सुनेला बट्टी वळता येत नाही हे झालं, सून केस मोकळे सोडून गच्चीवर जाते हे झालं. मी मान खाली. मध्ये एकदा वर करून काही सांगायला गेले तर म्हणाली, "मुऱ्हाळी बोलत नाही, आयकते." जन्मात मी इतका वेळ गप्प कधी बसले नव्हते. माझ्या बहिणीला अजून ते खरं वाटत नाही.

सकाळी निघालो. गाठोडं मुऱ्हाळीने उचलायचं असतं, पण माझी कंबर, म्हणून ते नानांच्या डोक्यावर. विज्ञानाचे मास्तर, डोक्यावर सुनेचं गाठोडं, हातात टेलिफोनच्या तारेचं वेटोळं. स्टँडपर्यंत आजी आली. गाडी सुटताना खिडकीशी येऊन तुझ्या आईला म्हणाली, "रोज संध्याकायी त्या खोक्यात बोलाचं. नाही बोलली तं म्या पुढच्या वर्सी पाठवत नाही."

धुळ्यात उतरलो तेव्हा माझी बहीण स्टँडवर उभी होती.  बहिणीने नुसतं गाठोडं नानांच्या डोक्यावरून उतरवून घेतलं. तुझी आई घरी गेली, झोक्यावर बसली, दोन झोके घेतले आणि उठली. "मावशी, वाचनालय उघडं असेल का?"

आजीचा निरोप तिच्या आधी पोचलेला होता. काल बोलायचं राहून गेलेलं सगळं त्यात होतं. शेवटी, 'मुऱ्हाळीने भाजी पुरी खाल्ली नाही. तिला वांगं आवडत नाही का ते कळव.'

पुढे काय झालं म्हणशील तर तुझी आजी रोज संध्याकाळी वाचनालयात जायला लागली. ती गेली म्हणून शेजारणी गेल्या. आपल्या दोन लांबच्या लेकींना तिने जळगावच्या वाचनालयात यायला लावलं आणि दोघींना एकदमच बोलायला लागली. नाना तर म्हणाले, आपल्या जाळ्याला खरा वक्ता आता मिळाला, आणि तिला व्यासपीठावर बसवलं. ती ना मणी मोजायची, ना डबा सांगायची. म्हणायची, "यात लांबच्या मानसाले बोलता येते. पन मान खाली घालून आयकाले त्यानं घरीच या लागते." आणि खाली बसायची. तेवढंच भाषण. टाळ्या मात्र सगळ्यांत जास्त तिला.

मग घरोघर टेलिफोन आले, मग हे तुमचे मोबाइल, आणि आमचं जाळं कुणी न तोडताच विरलं. आमच्या वाचनालयातला तो संगणक बरेच दिवस क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेला होता. रुमाल मीच विणला होता. तुझी आजी गेली त्या वर्षीही तुझ्या आईला न्यायला मीच गेले होते. कुणी पाय धुवायला पाणी दिलं नाही. मी आपली नळावर जाऊन धुऊन आले.

आता बघ, नाना नाहीत, माझी कंबर एस.टी.च्या पायरीला नाही म्हणते, तुला आणायला मुऱ्हाळी कुठून पाठवू? हा कागद पाठवतेय, पण त्याला मुऱ्हाळी समजू नकोस. त्याला जेवता येत नाही. माझ्याकडे मात्र वर्षभराचं बोलणं साठलंय. तुझ्या नोकरीबद्दल, त्या कापलेल्या केसांबद्दल, गॅसवाल्याच्या फोटोबद्दल तर फारच. ते सगळं मान खाली घालून ऐकायला कुणीतरी हवंय. झोका मी अजून सोडलेला नाही, दोरीसुद्धा नवी आणलीये. आंबे संपायच्या आत ये, बाई. वांग्याची भाजी करणार नाही.